ऐनाच्या खोडावरची थाप

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावालगतची ऐन-धावड्याची जुनी झाडी तोडून तिथे रोपवन उभारण्यात आले, तेव्हा मी लेखी हरकत घेतली होती. उत्तर आले नाही. झाडीबरोबर तेंदूची झुडपेही गेली, आणि माझी शेजारीण सोनीबाई हिला १९९८च्या मे महिन्यात विडीच्या पानांसाठी दूरच्या, अस्वलांच्या नाल्यात उतरावे लागले. सोबत तिची मुलगी दामिनी आणि पानफडीवर तोडलेली पाने मोजून घेणारा मुनशी खुशाल.

सोनीबाईचा आवाज अख्ख्या गावात ऐकू जाई. पण त्या दिवसांत खोडांना चिकटलेले सिकाडा किडे असे कर्कश किरकिरत की माणसाची हाक तीन झाडांपलीकडे पोचत नसे. म्हणून पाने तोडणाऱ्या बाया खोडावर लाकडाची थाप मारत. किडे दचकून गप्प होत, आणि तेवढ्या शांततेत बाया एकमेकींना हाक देत.

ऊन चढले, दामिनी दिसेना. सोनीबाईने सवयीने एका ऐनावर जोरात थाप मारली. रान मुके झाले. हाक ओठांवर आली आणि तिथेच थिजली. पुढच्या वारुळापाशी कुणी तरी फुसफुसत माती उकरीत होते. त्याच्या मागच्या झाडावर, फांदीला बिलगून दामिनी.

अस्वलाने उकरणे थांबवले. थापेच्या दिशेने नाक उचलले.

"बाई, बोंबलू का मी?" खुशाल कुजबुजला.

सोनीबाईने त्याचे मनगट आवळले. "बोंबलशीन तं ते पोरीकडंच जाईन. दम धर, भाऊ."

आपल्याच थापेने आणलेली ती शांतता संपेना. अस्वल दोन पावले पुढे आले. दामिनीचा हुंदका फुटायला आला होता; मुठीतली पाने सळसळत खाली पडली. अस्वल वळले, झाडाखाली येऊन पाने हुंगू लागले.

तेवढ्यात कुठल्याशा खोडावर एक किडा किरकिरला. मग दुसरा. पाहता पाहता सारे रान पुन्हा कर्कश झाले आणि त्या गदारोळात दामिनीचा हुंदका बुडून गेला. अस्वल परत वारुळाकडे गेले, आणि पुष्कळ वेळाने नाल्यापार.

दामिनी खाली उतरली. "माय, पानं पडली सारी."

"पडू दे. पानं मुनशी मोजून घेते, तुले कोन मोजते?" खुशालकडे पाहत सोनीबाई म्हणाली.

दुसऱ्या सकाळी सोनीबाई एकटीच त्याच नाल्यात गेली. जवळ दुसरे रान उरले नव्हते. थाप मात्र तिने पुन्हा कधी मारली नाही.