वहीत नसलेला हाफबॅक

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात फुटबॉलकडे ढुंकूनही न पाहता नऊ वर्षं फुटबॉलचा क्लब सांभाळणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे मुनीमजी. मी हे छातीठोकपणे सांगतो. नवं राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती, जळगाव जामोदला आम्हा पोरांना फुटबॉलचं वेड लागलं होतं आणि क्लबला खजिनदार पाहिजे होता. मुनीमजी गावातल्या जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचा हिशेब लिहीत. काळी टोपी, कानावर टाक, काखेत लाल कापडात गुंडाळलेली वही. ही वही त्यांच्या अंगाचाच भाग असावी असं मला लहानपणी वाटे. आमचे अध्यक्ष वकीलसाहेब त्यांना म्हणाले, "मुनीमजी, तुम्हीच व्हा खजिनदार." मुनीमजींनी एकच प्रश्न विचारला, "धंदा काय हाये?" फुटबॉल खेळणे, असं कळल्यावर त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "असो. धंदा कोनताबी असो, कीर्द-खतावणी तेच असते." झालं! त्या दिवसापासून आम्ही अकरा जण खेळाडू राहिलो नाही, माल झालो. म्हणजे दहा जण तर मालसुद्धा झालो नाही, पण ते पुढे सांगतो.

आमच्या क्लबने आयुष्यात एकच खेळाडू विकत घेतला, तो किसन. देऊळगाव राजाचा. इकडे बहिणीकडे राहून जिनावर कामाला लागणार होता आणि फॉरवर्ड म्हणून असा खेळायचा की समोरचा गोलकीपर हात जोडायचाच बाकी राहायचा. पण तिकडचा क्लब त्याला फुकट सोडेना. शेवटी दोन कातडी फुटबॉल आणि एक कोरी सतरंजी देऊन सौदा पटला. मुनीमजींनी वही उघडली. दोन बॉल पन्नास रुपये, सतरंजी दहा रुपये, आणि सौद्यासाठी वकीलसाहेब एसटीने गेले-आले त्याचं भाडं सहा रुपये. "माल आनायले जो खर्च लागला तोबी मालाच्याच किमतीत धरा लागते," असं म्हणून त्यांनी किसनची किंमत सहासष्ट रुपये ठरवली. करार तीन हंगामांचा, म्हणून दर हंगामाला बावीस रुपये घसारा, म्हणजे माल वापरून झिजला म्हणून किमतीतून तेवढे वजा. हे सगळं त्यांनी किसनला समोर बसवून समजावलं. किसन बिचारा घाबरून म्हणाला, "म्हणजे तीन वर्षांनी मी संपणार का काय हो?" मुनीमजी प्रेमाने म्हणाले, "संपत नाही बाप्पा. एक रुपया ठेवतो मी नाममात्र."

तेव्हापासून किसनला सुखाने खेळता आलं नाही. मुनीमजी मैदानावर येत, पण खेळ पाहायला नव्हे, मालावर नजर ठेवायला. किसन चेंडू घेऊन सुसाट निघाला, सगळं गाव उभं राहून ओरडतंय, आणि लिंबाखालून मुनीमजींचा आवाज, "हळू पळ बे! तीन वर्षं चालवाचा हाये तुले!" किसनने गोल केला की गावात पेढे, आणि मुनीमजींच्या कपाळावर आठी, कारण गोल करून तो नेमका चिखलात लोळायचा. एकदा त्याचा घोटा मुरगळला. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं तर मुनीमजी आमच्याआधी तिथे हजर! डॉक्टरांना म्हणाले, "मले एकच सांगा, रुपयात किती आने पाय गेला?" डॉक्टर म्हणाले, अहो, चार दिवस शेका, होईल बरा. मुनीमजींनी तिथल्या तिथे टाक काढून लिहिलं, 'नग एक, किंचित नादुरुस्त, दुरुस्तीयोग्य.' नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, पण मुनीमजी दुखणंखुपणंसुद्धा आण्यातच मोजत.

दिवाळीआधी ते क्लबच्या सामानाची मोजदाद करीत. जिनावरच्या प्रत्येक वस्तूवर रंगाने नंबर घातलेला असे, तसाच इथेही पाहिजे, हा त्यांचा हट्ट. एका सकाळी ते तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन मैदानावर आले. वहीत पहिला नंबर पंपाचा, दुसरा पाण्याच्या घागरीचा, तिसरा किसनचा, चौथा आणि पाचवा एका बाजूच्या दोन गोलपोस्टचा. पंप झाला, घागर झाली. मग ते ब्रश रंगात बुडवून किसनकडे वळले. "पाठ कर इकडे." किसन जो पळाला, तो थेट नदीपर्यंत! त्याच्या मागे डबा घेतलेले मुनीमजी, त्यांच्या मागे वकीलसाहेब. त्या दिवशी मुनीमजींनी प्रथमच त्याला हळू पळ म्हटलं नाही. शेवटी तडजोड झाली की नंबर कातडीवर न घालता सदऱ्यावर घालायचा. पुढच्या सामन्यात अकरांपैकी फक्त किसनच्या पाठीवर भला मोठा तांबडा तीन. बाहेरगावच्या पंचाने विचारलं, "एक आणि दोन नंबर कुठे आहेत?" वकीलसाहेब मान खाली घालून म्हणाले, "एक पंप आहे, दुसरी घागर." "आणि चार-पाच?" "त्यांच्याच मधून गोल करायचा आहे, साहेब."

आता माझं दुखणं सांगतो. मी हाफबॅक होतो. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण चांगला होतो. किसन गोल करायचा तो मी दिलेल्या चेंडूवर. आणि माझ्या पाठीवर काहीच नाही! घागरीला नंबर आहे, मला नाही. मुनीमजी वही ठेवून बाहेर गेलेले पाहून मी एकदा ती उघडली. पानोपानी शोधलं. सतरंजी होती, लिंबू-साखर होती, पंपाचं वॉशर होतं. माझं नाव कुठेही नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मी सरळ जाऊन विचारलं, "मुनीमजी, माह्यं नाव काऊन नाही वहीत?"

"तुले कितीले घेतला?"

"मले कोन घेईन? मी इथलाच."

"मंग? जिथं खरेदी नाही तिथं नोंद नाही. गावातल्या हवेची नोंद करतो का मी?" असं म्हणून ते पुन्हा लिहायला लागले. मग काहीतरी आठवून त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, "पन एक सांगू का? किसनले उद्या शंभराले विकला तर त्यातून त्याची राहिलेली किंमत वजा होते. तुमच्यातला एखांदा शंभराले गेला ना, तर शंभरच्या शंभर नफा! वजा कराले काहीच नाही!" आणि ते माझ्याकडे असे पाहू लागले की मी दोन पावलं मागे सरकलो.

नफा ही मुनीमजींची आयुष्यभराची तहान होती. जिनाचा नफा ते दुसऱ्यासाठी लिहीत. क्लब हे त्यांचं स्वतःचं खातं, आणि दर दिवाळीला त्याचा ताळेबंद तोट्यात. वहीपूजनाला इतरांच्या वह्यांवर ते ऐटीत कुंकू लावीत, आमच्या वहीवर लावताना त्यांचा हात जड व्हायचा. "एक वर्ष, फक्त एक वर्ष नफा दिसला पायजे," असं ते घरी बायकोपाशी, म्हणजे आमच्या काकूंपाशी म्हणत. काकू म्हणत, "मंग इका त्या पोट्ट्यांले." त्या थट्टेने म्हणत, पण मी तेव्हापासून मुनीमजींच्या समोर जरा लंगडतच चालत असे.

एक गोष्ट मात्र मला कधी उलगडली नाही. आमच्याकडची काळी माती पावसात अशी होते की अनवाणी पाय घोट्यापर्यंत रुततो, आणि बूट घेण्याची माझी ऐपत नव्हती. वडील नव्हते, घरात आई, मी आणि एक म्हैस. एका संध्याकाळी मुनीमजी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आमच्या दारात आले. आत खरे कातडी बूट, तळाला ठोकळे मारलेले! "क्लबकडून हायेत," म्हणाले आणि पाणीसुद्धा न पिता गेले. वहीत नाव शोधलं तेव्हा मी बूटही शोधले होते. तेही नव्हते. वॉशर लिहिणारा माणूस बूट विसरला? मी तेही विचारलं. "ज्या वहीत लिहाचे त्या वहीत लिहले," ते खेकसले, "तू बॉल पाह्य."

आणि मग जे व्हायचं भय होतं ते झालं. किसनचे दोन हंगाम संपले त्या दिवाळीआधी शेगावच्या क्लबची दोन माणसं आली. त्यांना मी पाहिजे होतो. दोनशे रुपये क्लबला रोख, माझी राहण्याची सोय त्यांच्याकडे. दोनशे! वकीलसाहेबांनी चहा सांगितला तोच बिस्किटांसकट. गोलपोस्ट वाळवीने खाल्ले होते, मैदानाचं भाडं थकलं होतं. मला मात्र जायचं नव्हतं. आई एकटी, आणि म्हैस तर माझ्याशिवाय कोणालाही कासेला हात लावू देत नसे. पण मला विचारतं कोण? क्लबने नाव काढून दिलं की दुसरीकडून खेळायचं, नाहीतर घरी बसायचं, असा तेव्हाचा रिवाज. मी वकीलसाहेबांच्या ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो. दोनशेच्या दोनशे नफा, वजा करायला काहीच नाही, हे मला पाठ होतं.

मुनीमजींना बोलावणं गेलं. ते आले, बसले, लाल कापड सोडलं, बोट ओलं करून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वही पाहिली. एवढा वेळ लावला की पाहुण्यांचा चहा गार झाला. मग वही मिटून म्हणाले, "हा नग आमच्या वहीत नाही."

"अहो, हा काय समोर उभा आहे!" पाहुणे म्हणाले.

"उभं तं ते लिंबाचं झाडबी हाये. जे वहीत नाही ते क्लबचं नाही, आन जे क्लबचं नाही ते क्लब इकन कसं?"

वकीलसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "मुनीमजी, मग लिहून टाका ना आत्ता!"

"मांगच्या तारखेनं? तीस वर्षांत एक ओळ मांगच्या तारखेनं लिहली नाही मी."

"आजच्या तारखेने लिहा!"

"आज कितीले घेतला? कोनापासून? पावती दाखवा."

पावती कुठून आणणार? माझी आई देणार होती का? वकीलसाहेब, जिल्हा कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, त्या दिवशी हरले. पाहुणे वैतागून म्हणाले, "मग तुमच्या वहीत आहे तरी कोण?" मुनीमजींनी ताबडतोब किसनचं पान उघडलं. सहासष्टातून दोन वर्षांचे चव्वेचाळीस गेले, राहिले बावीस. वकीलसाहेब डोळ्यांनी खुणावतायत, खोकतायत, पाय दाबतायत, आणि मुनीमजी स्वच्छ आवाजात सांगतायत, "बावीस रुपये. ना नफा, ना तोटा. वहीत हाये तेच." पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, बावीस रुपये मोजले आणि जिल्ह्यातला सर्वांत चांगला फॉरवर्ड घेऊन एसटी स्टँड गाठलं. किसन जाताना एवढा हसत होता! मला म्हणाला, "बरं झालं बा, तिथं घागरीच्या मागं तर नसंल माझा नंबर."

त्या दिवाळीलाही आमच्या क्लबचा ताळेबंद तोट्यात गेला. वकीलसाहेब महिनाभर मुनीमजींशी बोलले नाहीत, आणि गावाने त्यांची जी टिंगल केली ती विचारू नका. मीही केली. एका वेड्या मुनीमाच्या नियमापायी आपण वाचलो, असं मी चारचौघांत खिदळत सांगायचो. मनात थोडा रागही होता, की मला वाचवायलासुद्धा या माणसाने माझं नाव लिहिलं नाही. मी आणखी पाच हंगाम तिथेच खेळलो. मग आई गेली, म्हैस विकली, मी नोकरीला अकोल्याला गेलो, आणि क्लब हळूहळू बंद पडला.

मुनीमजी गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तर काकूंनी लाल कापडातलं गाठोडं पुढे ठेवलं. म्हणाल्या, "कोनी न्याले आलं नाही. तूच ने." वर क्लबची वही होती. तिच्याखाली एक लहान वही, साधी, शिवलेली. "हे घरखर्चाचं हाये," काकू म्हणाल्या, "पाह्य, त्यातबी आने सोडले नाही त्याईनं." मी सहज चाळू लागलो. रॉकेल, चहापत्ती, काकूंच्या खोकल्याचं औषध, मोठ्या मुलीचं लुगडं. आणि त्याच्याखाली, तशाच रेखीव अक्षरात, 'बूट जोड एक, आपल्या पोट्ट्याचे, अठरा रुपये.' शेजारच्या रकान्यात बारीक शेरा होता, 'घसारा धरू नये.'

मी त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा पुन्हा वाचू लागलो. काकू विचारत होत्या, "काय झालं बे? हिशोब चुकला का काही?" मी म्हणालो, "नाही काकू, बरोबर हाये." आता माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, त्यांना काही मुनीमजींचा शेरा वाचता येत नाही. बूट मात्र मी अजून ठेवले आहेत, आणि दर दिवाळीला त्यांना तेल लावतो.