राबाच्या धुरातला ससा

आज शेजारच्या शेतात राब पेटला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना पाल्याचा आणि शेणाचा जो वास सुटतो, तो दारातून आत आला आणि मला दादाची धावती पावलं ऐकू आली.

तेव्हा तो पोलीस भरतीची तयारी करायचा. सकाळी शेताकडच्या वाटेने तो धावायचा आणि मी त्याच्या मागून. एकदा आमच्याच पेटत्या राबातून ससा उसळला आणि चक्क आमच्यापुढे धावू लागला. "याला पण भरतीला नेऊ गो!" दादा हसला. पण ससा वळला, आमच्या पायांतून निसटून धुराकडे गेला. आगीने मागे फिरला, पुन्हा गेला. असं तीनदा. आम्ही हसतच होतो.

राबापाशी उभे असलेले बाबा मात्र हसले नाहीत. राब पेटवण्याआधी काठीने झोडपायचा असतो, आतला जीव बाहेर पडावा म्हणून. वारा पडलाय तोवर उरकू, या घाईत ते विसरले होते. "तिची पिल्लं हायत रे आत," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या वर्षी टोकावड्याच्या रस्त्यावर धावताना दादाला ट्रकने उडवलं. स्मशानाच्या वाटेवर बायांनी आईला मागे ओढलं, तरी ती पुन्हा पुन्हा सुटून धुराकडे धावली. तेव्हा मला ती सशीण आठवली, आणि आमचं हसणं.

बाबा मघापासून आमचा राब झोडपतायत. आत काही नाही, हे त्यांनाही दिसतंय. काडेपेटी अजून खिशातच आहे.