मागचं गेट उघडं होतं

आमच्या सोसायटीच्या पुढे गाव होतं आणि मागे खाडी. खरं म्हणजे गाव आणि खाडी आधीपासून होती. आम्ही त्यांच्या मधोमध येऊन बसलो. मी साताऱ्याकडचा, जन्म सरकारी नोकरीत गेला आणि नव्वदीच्या सुरुवातीला इथे तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. अर्ज-विनंत्या नीट लिहितो म्हणून लोकांनी मला सोसायटीचा सेक्रेटरी करून टाकलं.

गावाला खाडीवर जायला दोन वाटा उरल्या होत्या. एक आमच्या आवारातून, मागच्या गेटने सरळ बांधावर. दुसरी लांबची, मिठागरांच्या काळातल्या अरुंद पुलावरून. पुलाचे कठडे गंजलेले, स्लॅबमधून सळ्या बाहेर आलेल्या. तो धोकादायक असल्याची पाटीही होती, पण एकटीदुकटी माणसं जायची, सायकली जायच्या. मागच्या गेटला आम्ही चोरांच्या भीतीने कुलूप घालत असू. मात्र नारळी पौर्णिमेला गावाची मिरवणूक निघाली आणि कुणी चावी मागायला आलं, की गेट उघडून द्यायचं, असं मीटिंगमध्ये ठरलेलं होतं. चावी माझ्याकडे असायची.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्याच दिवशी आमच्या मुलीला बघायला पुण्याचे पाहुणे आले. सोफा नवा नव्हता म्हणून त्यावर नवी चादर घातली होती. बोलणं सुरू झालं तेवढ्यात लांबून बँड ऐकू आला. मुलाच्या आईने विचारलं, "इथे जवळ गाव आहे वाटतं?" त्या 'वाटतं'ने मी कानकोंडा झालो. तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक तरुण उभा होता. त्याची आई आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी विकायला यायची. अंगात पांढरा शर्ट, कपाळाला गुलाल.

"काका, चावी द्याना. मिरवनूक निंगाली."

मिरवणूक आमच्या खिडकीसमोरून जाणार होती. नाच, गुलाल, ताशा, आणि आत पुण्याची माणसं. मी दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणालो, "चावी चेअरमनकडे आहे. ते गावाला गेलेत."

"बँड बंद करून जाव आमी. पाच मिनटां."

"अरे, चावीच नाही तर मी काय करू?"

त्याने मागे रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरा. पुलावरून जाव मंग. भरती हाय, बायका बोंबलतील जरा." आणि हसून गेला.

चावी दारामागे खिळ्याला होती.

थोड्या वेळाने बँड थांबला. एकदम थांबला. तेव्हा मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. हे वाक्य मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. मग ओरडा ऐकू आला, आणि तो बँडपेक्षा जवळ वाटत होता.

मी चावी घेऊन धावलो, कुलूप काढलं, गेटची दोन्ही दारं भिंतीपर्यंत ढकलली. पूल मधोमध तुटून खाडीच्या फाट्यात बसला होता. पुनवेची भरती, पाणी काठोकाठ. मेलेल्यांत बायका जास्त होत्या. सणाची जरीची लुगडी भिजून इतकी जड झाली होती की ज्यांना पोहता येत होतं त्यांनाही वर येता आलं नाही. माणसं आमच्या गेटमधून आत आणली, आमच्या पार्किंगमध्ये ठेवली. मी नव्या चादरीसकट घरातल्या सगळ्या चादरी आणून दिल्या, रस्त्यावर आडवा उभा राहून टेम्पो थांबवले. हे सगळ्यांनी पाहिलं. चावी मागायला आलेल्या त्या तरुणाने पुष्कळांना ओढून काढलं. त्याची धाकटी बहीण त्याला सापडली नाही, ती दुसऱ्या कुणाला तरी सापडली.

गावात चुली पेटल्या नाहीत. आमच्या बायकांनी भात-आमटीची पातेली नेऊन दिली. कुणाच्या घरात टीव्ही लागत नव्हता. मग गावाने मोर्चा काढला, पुलाची देखभाल ज्यांच्याकडे होती त्या सरकारी साहेबांच्या ऑफिसवर दगड पडले. साहेब बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "पाटी लावली होती ना? मग एवढी माणसं पुलावर गेलीच कशी?" तो प्रश्न मोर्चाबरोबर गावात परत आला आणि तिथेच राहिला. पुलावरून कोणी नेलं?

तो तरुण सांगत होता, "गेट बंद होता."

कोण ऐकणार? गावातले एक म्हातारे पंच सगळ्यांसमोर म्हणाले, "खोटा बोलू नको रं. माजी सून त्याच गेटमदून आनली मी. सताड उघडा होता."

सगळ्यांनी आपापली माणसं त्याच गेटमधून नेली होती. उघडं गेट सगळ्यांच्या डोळ्यांत होतं. बंद गेट फक्त त्याने ऐकलं होतं, आणि मी.

पंच त्याला घेऊन माझ्याकडे आले. "सेक्रेटरी साहेब, तुमी सांगा. गेट उघडा होता ना?"

मी म्हणालो, "हो. गेट उघडं होतं."

त्यांनी पाहिलं तेव्हा ते उघडंच होतं, तेव्हा मी खोटं बोललो नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "काका," एवढंच म्हणाला.

त्याला मोठी मिरवणूक मिरवायची होती, पुलावर बँड वाजवायचा होता, म्हणून त्याने बायका मारल्या, असं गावाने ठरवलं. आईने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला कुणी मुलगी देईना. तो मोऱ्याच्या बंदरावर जाऊन बोटीवर कामाला लागला.

आमच्या मुलीचं लग्न त्याच पाहुण्यांकडे झालं.

त्याची आई पुन्हा मासळीची पाटी घेऊन यायला लागली तेव्हा पहिली आमच्या दारात बसली. पापलेट वेगळं काढून ठेवायची. मी पैसे पुढे केले की म्हणायची, "ठेवा वो दादा. घाटावरची मानसा तुमी, तुमाला काय कलतंय मावरा? काटा गिलाल, मंग मीच येन डाक्टरला घेऊन." बायको हसायची. मी आत जायचो. एकदा ती सहज म्हणाली, "तुमी व्हतात म्हनून पोरगी घरला तरी आली. माजे पोटच्यानं मारली, नि परक्यानं चादर घातली." मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात तिने विचारलं, "साफ करून देऊ?"

फ्लॅट विकून साताऱ्याला जावं असं कितीदा ठरवलं. पण गावातून गेल्याशिवाय स्टेशनला जाता येत नाही, आणि गावातून जाताना दुकानदार उठून नमस्कार करत. देवमाणूस म्हणत. जितकी वर्षं गेली तितकं सांगणं अवघड झालं, कारण आता फक्त चावीचं सांगायचं नव्हतं, इतक्या वर्षांच्या नमस्कारांचंही सांगायचं होतं.

मागच्या वर्षी गावाने देवळापाशी त्या दिवशी गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवला. तो उघडायला मला बोलावलं. माझ्या हातात माइक दिला. मी सगळं सांगितलं. पाहुणे, खिळ्याची चावी, मी दिलेलं उत्तर.

मग कुणीतरी माइक हळूच काढून घेतला. त्या पंचांचा मुलगा, आता तोच पुढारी, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बगा, यांचा मन किती मोटा. त्या पोराचं पाप आपल्यावं घेतायत." टाळ्या वाजल्या. मी म्हणालो, "अरे, खरं सांगतोय मी!" तर मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. "काका, वय झालंय. टेन्शन नका घेऊ."

म्हणून इथे लिहितो. गेट बंद होतं. चावी माझ्याकडे होती. तो खरं बोलत होता.

विश्वास ठेवला फक्त त्याच्या आईने. ती आता वाकली आहे, मासळी विकत नाही. गर्दी पांगल्यावर समोर येऊन उभी राहिली.

"चावी घरान व्हती?"

"हो."

"तवा का नाय बोललाव?"

मी पुन्हा पाहुण्यांचं सांगायला लागलो, तिने हाताने थांबवलं. मग म्हणाली, "मना मोऱ्याला न्या."

रिक्षाने गेलो. वाटेत मी बोलायचा प्रयत्न केला तेव्हा तिने पदर कानावर ओढून घेतला. धक्क्यापाशी उतरताना म्हणाली, "तुमी यंच बसा."

तो जाळ्याजवळ बसला होता. केस पांढरे झाले होते. आईला बघून उठला. दोघं लांब उभी होती, काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मधे तिने माझ्या दिशेने हात केला. त्याने एकदा वळून रिक्षाकडे पाहिलं. मी खाली उतरलो. तो आला नाही. आईला बसायला एक पिंप उलटं घालून दिलं आणि स्वतः तिच्यासमोर जमिनीवर बसला.

रिक्षावाला म्हणाला, "काका, अजून थांबायचं?"

मी थांबलो. शेवटी तिनेच तिथून ओरडून सांगितलं, "दादा, तुमी जा. मी ऱ्हाते यंच."