जीव असलेल्या अकरा साड्या

कापड हातात आलं की ते आधी डोळे मिटायचे. मग पदर अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच चोळायचे आणि म्हणायचे, "यामा जीव शे, भाऊ." म्हणजे, यात अजून जीव आहे.

सुरतेतल्या साड्यांच्या शोरूममध्ये मी मजल्याचा मॅनेजर आणि ते आमचे रफूवाले काका. मूळचे खानदेशातले. बरीच वर्षं लूमवर काढली, तिथल्या खडखडाटानं कान अधू झाले तेव्हा हातात सुई धरली. शहराच्या कडेच्या डिंडोलीहून शेअर रिक्षानं यायचे आणि जिन्याखालच्या खिडकीपाशी बसायचे. त्या उजेडाच्या तुकड्यावर त्यांचं घर चालत होतं.

बाहेरचा दोरा ते वापरत नसत. साडीच्याच आतल्या दुमडीतून चार धागे उपसायचे आणि भोकावर विणायचे. "परका दोरा चुगली करस," म्हणायचे. मी मात्र येईल त्या सेल्समनला सांगायचो, कापड मला नुसत्या बोटांना कळतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आषाढात लग्नं थांबतात, गिऱ्हाईक थांबतं, म्हणून सेल. त्या वर्षी आमच्या शेठला पर्यावरणाची आठवण झाली. खरं सांगायचं तर मीच करून दिली. 'जुनी साडी द्या, नवीवर सूट घ्या, धरती वाचवा.' बोर्ड हिरवा, मजकूर माझा. खाली बारीक अक्षरांत, 'तुमची साडी गरजूंपर्यंत.' शेठनं पाठ थोपटली. मला दोन दिवस स्वतःच्या पाठीचाच अभिमान वाटत होता.

काकांनी बोर्ड सावकाश वाचला.

"गरजू कोण रे भाऊ?"

"असतील की कोणी."

"कोठे ऱ्हातस?"

कुठे ते मला माहीत होतं. ढीग रोज संध्याकाळी टेम्पोत भरला जाई आणि टेम्पो जाई एका डाइंग मिलच्या बॉयलरपाशी. पॉलिएस्टर मस्त पेटतं, असं टेम्पोवाला कौतुकानं सांगायचा. मी म्हणालो, "काका, शेठना विचारा." ते खरंच विचारायला गेले. शेठ हसला. "ले जाओ काका, जो चाहिए."

मग जेवणाच्या सुट्टीत काका त्या ढिगात बसून एकेक पदर चोळू लागले. जीव असेल ती साडी बाजूला. घरी नेऊन धुवायची, आणून रफू करायची, इस्त्री करून ठेवायची. त्यांच्या गल्लीतल्या बाया घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवतात, सगळ्या दुसऱ्यांच्या साड्या. "दिवसभर खडा लावतस, नेसतस कव्हय?" काका म्हणायचे, म्हणजे नेसतात तरी कधी? अकरा घरं होती. अकरा साड्या झाल्या की एकदम न्यायच्या, एकीला आधी आणि एकीला नंतर असं नको.

सेलच्या शेवटच्या रविवारी काकांना सुट्टी होती. गर्दी अशी की रॅक रिकामे, आणि शेठ माल माल करत ओरडतोय. जिन्याखाली मला साड्यांची एक नीट चळत दिसली. काकांच्या साड्या ठिगळाच्या दिसतील, अशी माझी समजूत. मी वरची एक उचलली, ऐटीत चोळली, आणि माझ्या विद्वान बोटांनी निकाल दिला: नवा माल. अकराच्या अकरा अर्ध्या तासात गेल्या. संध्याकाळी मी स्वतःलाच पेढा भरवला.

तिसऱ्या दिवशी एक बाई साडी घेऊन परत आल्या. फॉल लावणारीनं आतली दुमड उलगडली होती, तर तिथले धागे उपसलेले. जुनी साडी नवी म्हणून विकता, असं त्या भर दुकानात म्हणाल्या. मागोमाग दुसऱ्या आल्या.

शेठनं विचारलं, "आ कोणे मूकी?" म्हणजे, रॅकवर ही ठेवली कुणी?

मी बोर्डाकडे बघितलं. तो सरळ टांगलाय का, ते मला त्याच क्षणी तपासावंसं वाटलं.

शेठ काकांकडे वळला. रफू केलेली साडी दुसऱ्या कुणाची असणार? काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. रविवारी मजल्यावर कोण असतं, ते त्यांना ठाऊक होतं.

"माले माहीत नई, शेठ," एवढंच ते म्हणाले.

दुपारी शेठनं हिशोब हातात ठेवला आणि त्यांनी सुया डबीत भरल्या. जाताना माझ्यापाशी थांबले, माझ्या शर्टाची बाही अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरली, डोळे मिटून चोळली. मी वाट बघत राहिलो. त्यांनी बाही सोडली आणि ते गेले.

खिडकीपाशी आता जुन्या साड्यांचा ढीग असतो. बोर्ड तोच आहे. यंदा त्या ढिगात एक मोरपंखी साडी आली. अकरांतलीच. मीच विकलेली, म्हणून ओळखली. उजेडात धरून मी रफू शोधला. सापडला नाही. आतली दुमड उलगडली तेव्हा चार धाग्यांची रिकामी जागा तेवढी दिसली.

टेम्पोवाला आला. "साहब, ये भी?"

मी थोडा वेळ पदर चोळत राहिलो. त्यात जीव होता, हे या वेळी मलासुद्धा कळलं.

"ये भी," मी म्हणालो.