पारखणीचं वर्ष

आकाराम हवालदार पलटणीतून रिटायर होऊन रहिमतपूरजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा त्याने दोन गोष्टी बरोबर आणल्या होत्या, पेन्शन आणि राग. पेन्शन महिन्याला यायची, राग रोज यायचा. बायको शालूबाई तो नोकरीवर असतानाच गेलेली. मुलगा ऊस बघायचा आणि बापाच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही.

डोकं थंड व्हावं म्हणून हवालदाराने साताऱ्याच्या बाजारातून देवीच्या मंत्रांचं पुस्तक आणलं आणि पहाटे उठून जप सुरू केला. सहा महिन्यांत होती नव्हती तेवढी झोपही उडाली. शेवटी त्याने देवळातल्या गुरवाला विचारलं, तर त्याने कपाळावर हात मारला.

"आवं, ह्यो मंतर पुस्तकातनं घ्यायचा असतोय व्हय? त्यो गुरूच्या तोंडातनं कानात यावा लागतोय. विट्याच्या पल्याड हरणाबाई हाय, तिच्याकडं जावा."

हरणाबाई म्हणजे माळावर मेंढरं राखणारी सत्तरीची धनगरीण. तिला तिच्या मावशीकडून देवीची दीक्षा मिळाली होती, आणि या वाटेवर बाई गुरू भेटणं भाग्याचं मानतात. गावातल्या आप्पासोला मात्र हसू आवरेना. "हवालदार, आता मेंढक्याच्या म्हातारीला सॅल्यूट ठोकणार व्हय?" हवालदार चिडला, पण दोन एस्ट्या बदलून गेलाच.

हरणाबाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुस्तक बांधून ठेव. दर आवसंला हितं यायचं. वरीसभर मी तुला पारखती, तू मला पारख. वरीस भरलं की दोघांनीबी दिसलं ते बोलायचं. जुळलं तर मंतर, न्हाई तर राम राम."

मावशीने तिलाही असंच वर्षभर पारखलं होतं. गुरू डोळे झाकून करायचा नसतो आणि चेलाही डोळे झाकून घ्यायचा नसतो, अशी त्यांच्याकडची रीत. हवालदाराला यातला अर्धाच भाग पटला. चेल्याची परीक्षा ठीक आहे. पण वरच्याची परीक्षा खालच्याने घ्यायची? चोवीस वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाच्या हाडात ते कसं उतरावं!

तो जात राहिला. बायाबापड्या गाऱ्हाणी घेऊन यायच्या, हरणाबाई भंडारा लावायची, धीर द्यायची, कधी चार शिव्याही हासडायची. तो मेंढरांच्या वाड्यातल्या लेंड्या भरायचा, पाणी आणायचा. मेंढरांमागे फिरताना त्याचा आवाज हळूहळू खाली आला. एकदा जेवताना मुलाने आपणहून ताटात दुसरी भाकरी वाढली. इतकं सुख हवालदाराला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

आठव्या महिन्यात ते घडलं. शेजारच्या वस्तीवरची रंगुबाई लाल झालेला डोळा घेऊन आली. हरणाबाईने तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि सांगितलं, "तीन मंगळवार कुटं जाऊ नगंस." हवालदाराच्या मनात आलं, हिला मिरजेच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. पण गुरूपुढे बोलायचं कसं? तो गप्प बसला. तीन मंगळवारांनंतर घरच्यांनी रंगुबाईला मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. तिचा तो डोळा गेला तो गेलाच.

वर्ष भरलं. हरणाबाई घोंगड्यावर बसली आणि म्हणाली, "तू तापट हायस, पर लबाड न्हाईस. मला चालतंय. आता तू बोल."

हवालदाराच्या मनात हिशेब सुरू झाला. बोलावं तर मंत्र जाणार, ही माउली जाणार, आणि आपण पुन्हा रागाच्या तावडीत. एवढं कमावलेलं सगळं एका वाक्यात घालवायचं? सगळं ब्येस हाय, म्हणायला काय लागतं? पण मिटलेल्या डोळ्याची रंगुबाई त्याच्यासमोरून हलेना.

"आवं आक्का," तो खाली बघत म्हणाला, "रंगुबाईचा डोळा तुमच्यामुळं गेला. आन् मला कळत असून मी बोललो न्हाई, म्हनून माज्यामुळंबी."

हरणाबाई काठी घेऊन उठली आणि भर दुपारी वस्तीकडे चालू लागली. हवालदार मुकाट मागे गेला. रंगुबाई अंगणात धान्य निवडत होती. हरणाबाईने वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"माजं चुकलं, बाई. डोळ्याचं मला कळत नव्हतं, तरी म्या तुला आडवून ठिवलं."

रंगुबाई रडली. म्हणाली, "आता बोलून काय डोळा येतोय, आक्का?" म्हातारीने 'न्हाई' म्हणून मान हलवली. पण रंगुबाईने तिला हाताला धरून उठवलं आणि आत नेऊन पाणी दिलं.

परतताना बाभळीखाली हरणाबाई थांबली. हवालदाराने पायातल्या चपला नीट केल्या. तो राम राम ऐकायला तयार होता.

"हितून फुडं दुखनाईत आला की मिरजंला तू न्यायचं. मी आडवलं तर माज्याशी भांडायचं," ती म्हणाली. "मला गुरू म्हनणारी लय हायत. चुकले तवा सांगणारं कुणी नव्हतं रं. बस हितं."

तो मातीत बसला. तिने पदर डोक्यावर घेतला आणि त्याच्या कानाशी वाकली.