रस्त्याकडे पाठ

"श्वास सोड. पोट आत घेतलंस की माप खोटं येतं, आणि मग शर्ट माझ्या नावानं बोंबलतो."

टेप कमरेला लावण्याआधी अण्णा हे म्हणायचेच. समोर बँकेचा मॅनेजर असो नाहीतर मुंजीचा मुलगा. शिंप्यासमोर तुम्हीही कधीतरी उभे राहिला असाल, तेव्हा तुम्हाला ठाऊक आहे, टेप पोटाशी आली की माणूस आपोआप छाती काढतो. अण्णा टेप तशीच धरून थांबायचे. माणूस दम धरून धरून किती धरणार? शेवटी खरं पोट बाहेर यायचं, अण्णा गालात हसायचे आणि आकडा वहीत लिहायचे.

चामराजपेटेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. आत दोन मशिनी, आणि अगदी दाराशी, रस्त्याला तोंड करून, कापड बेतायचं टेबल. "उजेड रस्त्यावरून येतो," ते सांगायचे. "शिंप्यानं उजेडाकडे पाठ केली तर बाही विजारीला लागेल." त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातात कात्री आणि नजरेसमोर रस्ता. माणसं त्यांना पाठमोरीसुद्धा ओळखू यायची. कुणाचा उजवा खांदा अर्धा इंच उतरता आहे, कोण चालताना डावीकडे झुकतो, हे ते मान वर न करता सांगत.

आमची घरं इथली, या कानडी शहरातली, शेकडो वर्षांची. पुण्याहून नव्यानं आलेली मंडळी आमचं मराठी ऐकून हसतात, आणि आम्ही त्यांच्या मराठीतलं इंग्रजी मोजतो. आमच्या हौशी नाटक मंडळींचे सगळे कपडे तीस वर्षं अण्णांनीच शिवले. एकदा आमच्या सेनापतीनं माप देताना छाती फुगवली होती. दुसऱ्या अंकात तलवार उपसताना अंगरखा काखेपासून कमरेपर्यंत उसवला. तेवढ्यात प्रेक्षकांतून अण्णांचा शांत आवाज आला, "सांगितलं होतं, श्वास सोड." ते नाटक लोकांना अजून त्याच वाक्यासाठी आठवतं.

शिवलेले शर्ट काज-बटणासाठी बाहेर जात. ते काम इम्तियाज करायचा. सव्वीस वर्षांचा, लाजरा, स्कूटरवर गाठोडं घेऊन दिवसातून दोनदा यायचा. अण्णांना तो 'मास्टर' म्हणायचा. अण्णा त्याला शिव्या द्यायचे, की काज एक सूत खाली गेलं, आणि लगेच अर्धी कॉफी त्याच्या हातात ठेवायचे.

एका दुपारी त्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलीला ताप भरला. तिला बस स्टॉपवर सोडायला तो तिला स्कूटरवर घेऊन निघाला. अण्णांच्या दुकानासमोर चार पोरांनी स्कूटर अडवली. त्याचं नाव विचारलं. मग तिचं नाव विचारलं. मुसलमान मुलगा आणि हिंदू मुलगी, त्यांना तेवढं पुरे झालं. आधी हेल्मेटनं मारलं, मग विटेनं. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात इम्तियाजचा जीव गेला. त्याला मारलं तेव्हा मी बँकेत कामावर होतो. घरी आलो तोवर गल्ली धुऊन झाली होती.

पोलिसांना अण्णांनी दिलेला जबाब तीन वाक्यांचा होता. मी कापड बेतत होतो. माझी पाठ रस्त्याकडे होती. मी काही पाहिलं नाही.

गल्लीतल्या बाकी दुकानदारांनीही काही पाहिलं नव्हतं. ताप असलेली ती मुलगी आईवडिलांसह गाव सोडून गेली. खटला उभा राहिला तसा बसला. चौघं सुटून घरी आले त्या दिवशी कुणीतरी फटाके लावले. अण्णांचं टेबल कुठल्या बाजूला आहे हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं. मी काय केलं, तर पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडे विजारीचं कापड टाकायला गेलो.

गेलो तर टेबल फिरवलेलं. भिंतीकडे तोंड, रस्त्याकडे पाठ, डोक्यावर नवी ट्यूबलाइट. साठीच्या माणसानं ते जड टेबल एकट्यानं ओढलं होतं. फरशीवर चरे दिसत होते. जबाब खोटा दिला आणि मग दुकान त्या जबाबाप्रमाणे लावून घेतलं. मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. त्यानंतर त्यांच्या कॉलरी वाकड्या यायला लागल्या, आणि आम्ही म्हणालो, अण्णांचं वय झालं.

चार वर्षांनी आमच्या नाटक मंडळींत मृण्मयी आली. मूळची पुण्याची, इथं सॉफ्टवेअर कंपनीत. हुशार, धडपडी, आणि आमच्या ऐतिहासिक अंगरख्यांना कंटाळलेली. तिनं इम्तियाजच्या खटल्याचे कागद मिळवले आणि त्यावर नाटक करायचं ठरवलं. तिचा नियम एकच होता. "यात एक शब्दही आपला नसणार. जबाब, पंचनामा, निकाल, त्याच्या आईची मुलाखत, बस. नाहीतर ते डॉक्युमेंटरी राहत नाही." कागद कन्नडात होते. मराठी मी केलं. दुकानदाराचं काम माझ्याकडे आलं. दुकानदाराचं नाव आम्ही वगळलं होतं, पण कागद मी वाचले होते.

आता आमचा मूर्खपणा ऐका. नाटक ठरलं की कपड्यांची यादी अण्णांकडे जाते, ही तीस वर्षांची सवय. ती यादी मी सवयीनं खिशात घातली आणि सवयीनं त्यांच्याकडे नेली. इन्स्पेक्टरचा खाकी. वकिलाचा कोट. काज-बटणवाल्याचा निळा शर्ट, एक बाही फाटलेली. दुकानदाराचा बनियन आणि पांढरा शर्ट, दोन जोड. अण्णांनी चष्मा लावून यादी वाचली. दोनदा वाचली.

"निळा नव्हे," ते म्हणाले. "फिका हिरवा. मीच शिवलेला. रमजानला."

मग टेप काढून माझ्यासमोर उभे राहिले. "तू कोण आहेस यात?"

"दुकानदार."

"काय बोलतो तो?"

मी तीन वाक्यं म्हणून दाखवली. ते माझ्या खांद्याचं माप घेत होते. आकडा लिहिला आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. तालीम कधी असते?"

मल्लेश्वरमच्या एका शाळेत तालमी चालायच्या. अण्णा बस बदलून, शर्टांचं गाठोडं घेऊन तिथं आले आणि मागच्या बाकावर बसले. माझा प्रवेश आला. मी प्रेक्षकांकडे पाठ करून कापड बेतू लागलो.

"अंगडीत, दुकानात असं कुणी उभं राहत नाही," मागून आवाज आला.

मृण्मयी वळली. "अण्णा, प्लीज, मध्ये बोलू नका ना."

"स्वल्प ऐकून घे अक्का," ते म्हणाले. तिच्या वयाच्या अडीचपट माणूस तिला अक्का म्हणत होता. "रस्त्याकडे पाठ करून कापड कुणी बेतत नाही. मी तोंड करून उभा होतो. चौघं होते. दोघांचे शर्ट मी शिवलेत, मापं वहीत आहेत. त्यातला एक मारत असताना माझ्याकडे बघत होता. इम्तियाज पण बघत होता."

मग ते म्हणाले, "नावं नका घेऊ. तुम्हाला त्रास नको. एकच वाक्य घाला. दुकानदारानं म्हणावं, मी पाहिलं होतं. इम्तियाजची आई येणार म्हणता ना. तिच्या कानावर पडलं पाहिजे."

मृण्मयीचे डोळे भरून आले होते, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. "अण्णा, हे खूप स्ट्राँग आहे," ती म्हणाली. "पण रेकॉर्डवर नाहीये. ते सुटलेत. उद्या त्यांनी केस टाकली तर? आणि स्क्रिप्ट आपण परवानगीला देऊन बसलोय."

"कागद कन्नडचा, त्याचं मराठी यानं केलं," माझ्याकडे बघत अण्णा म्हणाले. "तेव्हा शब्द कुणाचे झाले?"

मृण्मयी मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या खोट्या वाक्यानंतरचा सायलेन्स हाच नाटकाचा पॉइंट आहे. ऑडियन्सला कळतंच तो खोटं बोलतोय. खरं बोलला तर तो एक चांगला माणूस होऊन जातो. मग उरतं काय?"

मला तेव्हा ते पटलं. खोटं कशाला बोलू, माझं काम त्या वाक्यावर उभं होतं.

बसस्टॉपपर्यंत मी अण्णांबरोबर गेलो. ते म्हणाले, "इम्तियाजच्या आईच्या गल्लीपर्यंत तीनदा जाऊन आलो. दारापर्यंत पाय उचलत नाही. शंभर माणसांत एकदा बोललं गेलं की परत गिळता येत नाही, म्हणून म्हणतो. तूच म्हण ना. तुझ्या तोंडून आलं तरी मला चालेल."

"बघतो, अण्णा," मी म्हणालो.

आपण मराठी माणसं 'बघतो' कधी म्हणतो, हे तुम्हाला सांगायला नको.

प्रयोगाला सभागृह भरलं. इम्तियाजची आई पहिल्या रांगेत, काळ्या बुरख्यात, हात मांडीवर. अण्णा विंगेत होते, उसवलं फाटलं तर हाताशी असावं म्हणून, सुईदोरा घेऊन. इन्स्पेक्टरनं विचारलं, काय पाहिलं? मी वर बघितलं तर समोर विंगेत अण्णा. मी थांबलो. एक वाक्य बदलायचं होतं. मृण्मयीनं मला फासावर दिलं नसतं. फार तर दोन दिवस अबोला धरला असता.

"मी कापड बेतत होतो," मी म्हणालो. "माझी पाठ रस्त्याकडे होती. मी काही पाहिलं नाही."

सायलेन्स पडला. अगदी मृण्मयीला हवा होता तसा. पडदा पडल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अण्णा विंगेत नव्हते. बस धरायची म्हणून आधीच गेले, असं कुणीतरी म्हणालं.

इम्तियाजची आई रंगमंचावर सगळ्यांना भेटायला आली. माझ्यासमोर थांबली. "वो मास्टर की पीठ थी ना रस्ते की तरफ?" तिनं विचारलं. "सच्ची?"

आजूबाजूला फोटो चालले होते. मी मान हलवली. "हाँ अम्मा," म्हणालो. ती पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. शिव्या खायची तयारी होती. अण्णा भिंतीकडे तोंड करून कापड कापत होते. "छान बोललास," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा छान. इन्स्पेक्टरसमोर माझी जीभ अडखळली होती. तुझी नाही अडखळली."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला एकदाच. "इम्तियाजच्या आईकडे मला घेऊन चल. एकटा जमत नाही. तू बरोबर असलास तर दारापर्यंत जाईन." मी म्हणालो, हा रविवार नको, प्रयोग आहे. पुढच्या रविवारीही होता. नाटकाला मागणी फार. स्पर्धेत मला अभिनयाचं बक्षीस मिळालं आणि परीक्षकांनी त्या तीन वाक्यांचा खास उल्लेख केला. मी ते अण्णांना सांगितलं नाही. त्यांना कळलं असणार.

पाचव्या रविवारच्या आदल्या दिवशी ते गेले. सकाळी दुकान उघडलं, मशीन पुसली, आणि स्टुलावर बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट. रविवारचा प्रयोग आम्ही रद्द केला नाही. सुरुवातीला एक मिनिट उभे राहिलो, मृण्मयी त्यांच्याबद्दल दोन वाक्यं बोलली, आणि नाटक सुरू झालं. मी अण्णांनी शिवलेला शर्ट घालून तोच जबाब दिला. नंतर मृण्मयी म्हणाली, आज सायलेन्स नेहमीपेक्षा लांब होता. मला तिचा फार संताप आला. खरं तर तिचा येण्याचं काही कारण नव्हतं.

मग एका सकाळी, रजा टाकून, मी इम्तियाजच्या आईकडे गेलो. जे माणूस जिवंत असताना त्याच्याबरोबर जाऊन करायचं ते माणूस गेल्यावर एकट्यानं करायला. एक खोली. ती लसूण सोलत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. टेबल रस्त्याकडे होतं. मास्टरांनी सगळं पाहिलं होतं.

तिनं लसूण सोलणं थांबवलं नाही. "मालूम," ती म्हणाली. "बच्चा हॉस्पिटल में तीन दिन वहीच बोला. मास्टर सामनेच थे, अम्मी. मास्टर बोलेंगे." मग म्हणाली, "मैं रस्ता देखी. चार बरस देखी. उस दिन तुमकोच पूछी ना मैं?"

"मास्टर बोलायला आले होते," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो, हिंदी सुचेना. "नाटकात बोलायला. त्यांना तुम्हाला सांगायचं होतं."

तिला समजलं. हातातली पाकळी तिनं ताटलीत ठेवली आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"फिर उनको रोके सो कौन?"

मी माझं नाव सांगितलं.