फौजींची टाकी

शाळेत, बँकेत नोकरी केलेल्यांचे किस्से चारचौघांत सांगता येतात. माझे तसे नव्हते, म्हणून साठत गेले. नव्वदच्या आसपास मी ठाण्यात, वर्तकनगरला, मूल होत नसलेल्या जोडप्यांच्या एका छोट्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. पुरुषांचं वीर्य तपासायचं, गोठवायचं, जपायचं. डोंबिवलीतल्या नातेवाइकांना मी "ब्लड टेस्ट करते" एवढंच सांगायचे. आता साठी उलटली, आता कसली लाज?

आमच्या डॉक्टरबाईंचे वडील फौजेत होते. बाई म्हणायच्या, "नवऱ्याला रजा वर्षातून दोन महिने. त्यात बायकोचे दिवस जमले नाहीत की वर्ष गेलं. सरकार यांना रेल्वेचा पास देतं, कॅन्टीन देतं. ही सोय कोणी देत नाही, म्हणून मी देते." फौजींचं सॅम्पल आमच्या नायट्रोजनच्या टाकीत कितीही वर्षं फुकट. नवरा सीमेवर असला तरी इकडे बायकोवर उपचार चालू राहायचे.

*

नायट्रोजन आणणारा माणूस मूळचा गुरांच्या दवाखान्यांना माल पुरवणारा. पहिल्यांदा आला तेव्हा टाकीवर थाप मारून मला विचारतो, "वळू कुठल्या जातीचा, मॅडम?"

मी कपाळावर हात मारला. बाकावर साताऱ्याचा एक जवान आपला नंबर यायची वाट बघत बसलेला. पेपरातून मान वर न काढता तो म्हणाला, "खिल्लार."

*

आमच्या फॉर्मवर शेवटचा रकाना होता, 'माझ्या पश्चात निर्णय कोणाचा?' इतर नवरे तिथे अडायचे. पाणी मागायचे, उद्या येतो म्हणायचे. फौजी मात्र आधी तोच रकाना भरायचे.

दत्तूनेही तसंच केलं. दत्तू खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. त्याने बायकोचं नाव लिहिलं, सुलभा. मी विचारलं, "अरे, जरा विचार तरी कर." तर म्हणाला, "मॅडम, आमच्या प्रत्येक फॉर्मात हा असतो. सवय झालीय." मी फॉर्म फाइलला लावला.

*

दत्तूला दवाखान्यात जमेना. मी म्हटलं, घरून आण, पण अर्ध्या तासात आण आणि बाटली अंगाशी धरून आण. दुसऱ्या दिवशी दत्तू, सुलभा आणि दत्तूची आई हिराबाई असे तिघं आले. हिराबाई मासळी विकायच्या. त्यांच्या हातात डबा, डब्यात बर्फ, बर्फात बाटली.

"अहो, हे काय केलंत? मेलं सगळं!" मी ओरडले.

"कनाला मरंल?" हिराबाई उलट माझ्यावरच चढल्या. "आमचा मावरा बर्फान दोन दिस ताजा ऱ्हातो. आनि तुमी पन थंडच ठेवता ना?"

त्या तशा बरोबरच बोलत होत्या. आमच्याकडे आधी औषध घालून मगच गोठवतात, हे मी त्यांना समजावलं. दत्तूच्या रजेचे चार दिवस उरलेले. तीन दिवस थांबून त्याने पुन्हा दिलं. तीन वेळा उपचार होतील एवढं निघालं, आणि तो परत ड्यूटीवर गेला.

*

सुलभाला वेगळीच भीती. "नवरा बॉर्डरवर नि मला दिवस गेले, तर लोक काय म्हणतील हो?"

हिराबाईंनी भर बाजारात पाटीमागे उभं राहून सांगून टाकलं. "माझ्या दत्तूचा बी डाक्टरनीकरं ठेवलाय. सून गरवार ऱ्हायली तर कोनी तोंड वाकडा करायचा नाय. आताच आयकून ठेवा." त्यानंतर आठ दिवस बाजारातल्या बायका आमच्या दवाखान्याचा पत्ता विचारत होत्या.

दोन उपचार झाले. दोन्ही वेळा दिवस राहिले नाहीत.

*

मग दत्तू गेला. सीमेवर, गस्त घालताना.

दोन महिन्यांनी सासू-सून दोघी दवाखान्यात आल्या. टाकीत एका वेळेपुरतं उरलेलं. मला वाटलं, म्हातारीला नातू हवा असणार आणि पोरीला बोलता येत नसणार. डॉक्टरबाईंनाही तेच वाटलं असावं. त्यांनी हिराबाईंकडे न बघता दत्तूचा तो फॉर्म सुलभापुढे ठेवला. "हा निर्णय फक्त तुझा, कोणाचं ऐकू नकोस."

"मला पाहिजे," सुलभा म्हणाली.

"नको," हिराबाई म्हणाल्या.



"तू सव्वीस वरसांची हाय," हिराबाई सुनेला म्हणाल्या. "मना पन याच वयान रांडपन आला. दत्तू पदरान होता. सगले बोलले, दुसरा घर कर. मी नाय केला. पाटी घेतली डोक्यावर, त्याला वाढवला. सगला जनम त्यान गेला माझा. तू नको गो अडकू. माहेरा जा, लगीन कर."

सुलभा रडत होती. मग डोळे पुसून तिने सासूचा हात धरला. "आई, खरं सांगा मला. दत्तूला वाढवलंत, तो जन्म वाया गेला तुमचा?"

हिराबाईंनी फॉर्म जवळ ओढला. त्यावरचं दत्तूचं अक्षर बघत बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

मग माझ्याकडे वळल्या. "बाय, तारीख कंदीची मिलंल?"